विषय: नवा फोन आलाय, इमेल आणि सिंक कुणाच्या हवाली करू?

प्रेषक: खजिनदार

मंडळी, नमस्कार.

सात वर्षं साथ दिलेला अँड्रॉइड फोन अखेर थकला. नवा आयफोन खोक्यातून काढून टेबलावर ठेवलाय, पण सुरू करायचा धीर होत नाही. माझं एक जीमेल आहे, एक आउटलुकचं खातं आहे, आणि पहिल्या इंटरनेट जोडणीबरोबर मिळालेला एक म्हातारा पत्ता आहे, ज्यावर बँक अजून पत्रं पाठवते. फोनमध्ये नऊशेच्या आसपास नंबर. त्यात आता हा नवा फोन अॅपलच्या आयक्लाउडचाही पत्ता घ्या म्हणणार.

सगळं एका ठिकाणी आणावं का? आणावं तर कुठं? मुलाला विचारलं, तर "आई, ते सगळं आपोआप होतं" म्हणाला. मला नेमकी त्या आपोआपचीच धास्ती आहे.

– खजिनदार


प्रेषक: तालमींचं वेळापत्रक पाहणारा

जीमेल घाला आणि सुटा. १५ जीबी फुकट, शोध उत्तम, स्पॅम जवळजवळ नाही. मी २००४ पासून तिथंच आहे, तेव्हा खातं मिळायला कुणाचं तरी आमंत्रण लागायचं. ताई, एवढा विचार करायचा नसतो.


प्रेषक: संकेतस्थळ सांभाळणारा

ताई, एवढा विचार करायचाच असतो, आणि तो फोन सुरू करायच्या आधीच करायचा असतो. फक्त सुरुवात इमेलपासून करू नका.

सगळ्या यंत्रांवर एकच माहिती ठेवायची, ज्याला आपण सरसकट "सिंक" म्हणतो, त्यात तीन वेगळी कामं आहेत: मेल, संपर्क आणि कॅलेंडर. ती एकाच कंपनीकडे असायला हवीत असं कुठंही लिहिलेलं नाही. मेल आणणाऱ्या पद्धतीला आयमॅप म्हणतात. १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी ती आखली. कल्पना साधी होती: पत्रं सर्व्हरवर, म्हणजे मेल कंपनीच्या संगणकावर, राहतील, तुमचं यंत्र फक्त आत डोकावून पाहील. एका यंत्रावर वाचलेलं पत्र दुसऱ्यावरही वाचलेलं दिसतं ते त्यामुळे. कॅलेंडरसाठी कॅलडॅव आहे, २००७ चं, आणि संपर्कांसाठी कार्डडॅव, २०११ चं. आयफोनला या तिन्ही बोली मुळातच येतात. अँड्रॉइडला शेवटच्या दोन येत नाहीत, त्याला डॅव्हएक्स५ सारखं अॅप शिकवावं लागतं. म्हणजे या बाबतीत तुमचा नवा फोन जुन्यापेक्षा मोकळा आहे. लोक समजतात त्याच्या बरोब्बर उलट.

मेलची चिंता सगळ्यात कमी करा. मेल सर्व्हरवर आहे, चुकीचं खातं घातलंत तर काढून दुसरं घालाल. बिघडतात ते संपर्क. ते कुठं राहतात हे कुणी बघतच नाही.

म्हणून आज एवढंच करा. जुन्या फोनवर संपर्कांचं अॅप उघडा आणि खात्याप्रमाणे गाळून बघा. बहुतेक तीन ढीग निघतील: काही गूगल खात्यात, काही नुसते "फोन"मध्ये, आणि काही सिमवर. गूगलमधले नव्या फोनवर येतील. "फोन"मधले सहसा कुठंच सिंक होत नसतात. आणि सिमवरचे म्हणजे निव्वळ नाव आणि नंबर, तेही नावाला ठरावीक बाइटची जागा. रोमन अक्षर एका बाइटात मावतं. देवनागरीला बहुतेक वेळा दोन लागतात आणि काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे मराठीत लिहिलेली नावं सिमवर मध्येच तुटलेली सापडतात.

तिन्ही ढीग आधी एका खात्यात आणा. त्या अॅपमधूनच सगळ्यांची एक व्हीसीएफ फाइल काढा आणि ती संगणकावर कुठंतरी ठेवून द्या. कंपनी कुठलीही निवडा, ती फाइल सगळ्यांना वाचता येते.

मग आयफोनवर. खाती घातल्यावर प्रत्येकासमोर मेल, संपर्क, कॅलेंडर अशी वेगवेगळी बटणं दिसतील. सगळी चालू करू नका! संपर्कांचं बटण एकाच खात्याचं चालू ठेवा. संपर्कांच्या सेटिंग्जमध्ये "डिफॉल्ट अकाउंट" असतं, तेही तेच ठेवा. नाहीतर जुने नंबर गूगलमध्ये, नवे आयक्लाउडमध्ये अशी वाटणी होते, आणि ती कळते थेट पुढच्या फोनच्या वेळी.

कुठलं खातं? घरात दुसरी यंत्रंही अॅपलची असतील तर संपर्क आयक्लाउडमध्ये ठेवा. पुढचा फोन पुन्हा अँड्रॉइड घ्यायची थोडीही शक्यता असेल तर गूगलमध्येच राहू द्या. तुमच्याबाबतीत मी गूगल म्हणेन.

आता जीमेलबद्दल एक गोष्ट, कारण ती तुम्हाला पहिल्याच दिवशी खटकेल. आयफोनच्या स्वतःच्या मेल अॅपमध्ये जीमेल घातलं तर पत्र आल्या आल्या टिंग होत नाही. फोन दर पंधरा मिनिटांनी, किंवा तुम्ही ठरवाल तेव्हा, जाऊन विचारून येतो. पूर्वी असं नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हसिंक पद्धतीनं गूगल पत्रं तत्काळ ढकलत असे, पण जानेवारी २०१३ च्या शेवटी फुकट खात्यांच्या नव्या जोडण्यांसाठी त्यांनी ती बंद केली. तत्काळ हवं असेल तर गूगलचं जीमेल अॅप घ्या. मला स्वतःला पंधरा मिनिटांची शांतता आवडते.

आणि ते १५ जीबी फक्त मेलचे नाहीत. फोटो आणि ड्राइव्हही त्यातच. १ जून २०२१ पासून आकार कमी करून ठेवलेले फोटोही मोजले जाऊ लागले आहेत. जागा फोटोंनी भरली की मेल येणं थांबतं आणि पाठवणाऱ्याला पत्र परत जातं. आयक्लाउडचे तर फुकटचे ५ जीबीच, आणि त्यातच फोनचा बॅकअप.


प्रेषक: ग्रंथालय सांभाळणारी

खजिनदारबाई, माझी फजिती ऐका आणि मग काय ते करा.

नवा फोन घेतला, खातं घातलं, सगळे नंबर आले. खूश. जुना फोन भाचीला द्यायचा ठरलं. कुणाचे नंबर तिच्याकडे जायला नकोत म्हणून मी बसून, सगळे निवडून, ते पुसले. फोन पुसायचा असतो, संपर्क पुसायचे नसतात, हे मला कोण सांगणार? चहा होईपर्यंत नवा फोनही रिकामा. माझ्या डोळ्यांदेखत यादी आखडत गेली, अकरा राहिले, मग चार, मग एकही नाही.

खात्याला वाटलं, बाईंना हे नकोत. चूक त्याची नव्हतीच.

रडकुंडीला येऊन संकेतस्थळवाल्या भाऊंना फोन केला. तोही शेजाऱ्यांकडून, कारण भाऊंचा नंबर पाठ नव्हता, मंडळाच्या छापील यादीत शोधला. त्यांनी संगणकावर गूगल संपर्क उघडायला लावलं, त्यात बदल मागे फिरवायची सोय आहे, गेल्या तीस दिवसांपर्यंतची. एक दिवस मागे गेलो, सगळे परत. एकतिसाव्या दिवशी लक्षात आलं असतं तर काय, हा विचार अजून अंगावर येतो.

तेव्हापासून ती व्हीसीएफ का काय ती फाइल दर दिवाळीला काढून ठेवते.


प्रेषक: एक सभासद

सगळे गूगल आणि अॅपलच बोलताय. आपली पत्रं कोण वाचतं याचा विचार नाही का? प्रोटॉन किंवा टूटा यांची मेल सेवा घ्या. प्रोटॉन स्वित्झर्लंडचं, सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या शास्त्रज्ञांनी सुरू केलेलं. टूटा जर्मनीतलं. पत्रं अशी कुलूपबंद असतात की खुद्द कंपनीलाही उघडता येत नाहीत.


प्रेषक: संकेतस्थळ सांभाळणारा

मुद्दा रास्त आहे, पण ताईंना त्याची दुसरी बाजूही कळू द्या.

कुलूप कंपनीला उघडत नाही, म्हणजे आयफोनच्या मेल अॅपलाही उघडत नाही. दोन्ही सेवांसाठी फोनवर त्यांचंच अॅप लागतं. प्रोटॉनचा दुसऱ्या मेल अॅपशी जोडून देणारा "ब्रिज" आहे, पण तो संगणकासाठी आणि पैसे भरणाऱ्यांसाठी. संपर्कही कार्डडॅवनं फोनशी जुळत नाहीत, म्हणजे फोन वाजल्यावर नाव दिसायला हवं असेल तर ते नंबर दुसरीकडे ठेवणं आलंच. शिवाय पूर्ण कुलूप लागतं ते दोन्ही टोकांना तीच सेवा असेल किंवा पत्राला वेगळा पासवर्ड लावला असेल तेव्हा. बँकेचं पत्र येतं ते उघडंच येतं, पोचल्यावर पेटीत बंद होतं. प्रोटॉनमध्ये पत्राचा विषय त्या पूर्ण कुलपात नसतो, टूटामध्ये असतो.

अॅपलनं डिसेंबर २०२२ मध्ये कडक सुरक्षेची सोय आणली, तिच्यातूनही मेल, संपर्क आणि कॅलेंडर मुद्दाम वगळले. कारण तेच: जगातल्या बाकी सेवांशी बोलायचं तर ही तीन दारं उघडी ठेवावी लागतात. वकील, पत्रकार, डॉक्टर यांनी प्रोटॉन जरूर घ्यावं. ताईंच्या पत्रव्यवहारात मुख्यतः आपण सगळे हिशोब उशिरा देतो त्याची स्मरणपत्रं आहेत.


प्रेषक: खजिनदार

हो, आणि त्यातली दोन तुमच्या नावची आहेत भाऊ.

जुना फोन गाळून पाहिला. गूगलमध्ये ६१२, फोनमध्ये २०५, सिमवर ८७. सिमवरची नावं बघून हसावं की रडावं कळेना. "डॉक्टर दा", "नळवाला", आणि एक नुसतंच "मावशीच्या". मावशीच्या कोण?

आता त्या म्हाताऱ्या पत्त्याचं सांगा. तो नव्या फोनवर घालू का? जुन्या फोनवर त्याच्या सेटिंगमध्ये "पॉप ३" असं लिहिलंय.


प्रेषक: संकेतस्थळ सांभाळणारा

थांबा, जुना फोन पुसू नका!

पॉप म्हणजे घरी पत्र टाकून जाणारा पोस्टमन. त्याच सेटिंगच्या पानावर "सर्व्हरवरून काढून टाका" असं काहीतरी असेल, तिथं काय निवडलंय ते बघा. "पत्र फोनवर उतरल्यावर लगेच" असं असेल, तर बँकेची सात वर्षांची पत्रं जगात फक्त त्या एका फोनवर आहेत. तसं असेल तर संगणकावर थंडरबर्ड हे मेलचं अॅप घ्या आणि त्या सेवेला आयमॅप आहे का ते तपासा. असेल तर फोनमध्येही तेच खातं आयमॅपनं पुन्हा घालून, अॅप मुभा देत असेल तर, पत्रं सर्व्हरवर हलवता येतील. नसेल तर लागतील तेवढी पत्रं स्वतःलाच जीमेलवर पुढे पाठवा. कंटाळवाणं आहे, पण जुनं खातं काढलं की त्याच्याबरोबर पत्रंही जातात.

तो पत्ता नव्या फोनवर घालू नका. बँकेत, विम्यात, सगळीकडे पत्ता बदला. त्या कंपनीचं इंटरनेट तुम्ही कधीच सोडलंय. त्यांनी पत्ता चालू ठेवला ही मेहेरबानी, आणि मेहेरबानीवर बँकेचा पासवर्ड परत मिळवायची सोय टांगून ठेवायची नसते.

पत्ता बदलण्याचा हा त्रास पुन्हा नको असेल, तर स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढे येणारं नाव, घ्या. पत्ता तुमचा, मागची सेवा कुठलीही. डोमेनच्या नोंदींत एमएक्स नावाची ओळ असते, ती बदलली की येणारी पत्रं नव्या कंपनीकडे जायला लागतात आणि लिहिणाऱ्याला ते कळतही नाही. फास्टमेल हे उत्तम करतं, ऑस्ट्रेलियातली १९९९ पासूनची कंपनी आहे, आयमॅप, कॅलडॅव, कार्डडॅव सगळं देते, पण फुकट नाही. आयक्लाउडच्या पैसे भरलेल्या योजनेतही स्वतःचं डोमेन चालतं. मात्र डोमेनचं नूतनीकरण विसरलात तर ते दुसरा कुणी घेऊ शकतो, आणि मग तुमची पत्रं त्याच्या पेटीत पडतील. तुम्ही खजिनदार आहात, तारखा विसरत नाही, म्हणून सुचवतोय. तालीमवाल्यांना कधीच सुचवणार नाही.

दोन टप्प्यांच्या पडताळणीचे कोड जुन्या फोनवर येत असतील तर तेही आधी हलवा. गूगल दहा राखीव कोड देतं, ते कागदावर लिहून पाकिटात ठेवा. कोड मागणारा फोन आणि कोड देणारा फोन एकच असतो, आणि नेमका तोच हरवतो.


प्रेषक: सचिव

उत्तर देताना खालची आधीची सगळी पत्रं कृपया छाटा. शेवटच्या पत्राला सव्वाशे ओळींचं शेपूट होतं. आणि पत्ता बदलणाऱ्यांनी नवा पत्ता आधी मंडळाच्या या इमेल-यादीत नोंदवा, ओळखीच्या नसलेल्या पत्त्यावरून आलेलं पत्र यादी अडवून ठेवते आणि ते सोडवायला मला रात्री बसावं लागतं.


प्रेषक: खजिनदार

शेपूट छाटलंय.

केलं एकदाचं. संपर्क आणि कॅलेंडर गूगलमध्ये, आयक्लाउडच्या खात्यावर फक्त फोनचा बॅकअप आणि "फोन शोधा". आउटलुकचं नुसतं मेल चालू ठेवलं, बाकी बटणं बंद. जुन्या पत्त्यावर "लगेच काढून टाका" असंच निघालं, आणि भाऊ म्हणाले तशी पत्रं खरंच फक्त त्या फोनवर होती. आयमॅप मिळालं, पण ती वर चढायला दोन रात्री लागल्या, फोन चार्जरला लावून. डोमेनचं पुढच्या महिन्यात बघते.

नऊशेचार नंबरांचे दुहेरी काढून सातशे एकाहत्तर राहिले. जुना फोन अजून ड्रॉवरमध्ये आहे, महिनाभर तरी राहील.

"मावशीच्या"ला फोन लावून पाहिला. मावशीच्या शेजारीण निघाल्या. मावशी जाऊन तीन वर्षं झाली. तासभर बोलत होत्या. आता त्यांचं पूर्ण नाव घातलंय.