सोनं लांबून शोधणारं यंत्र: बनवायचं की नाद सोडायचा?

लेथवरचा, उद्यमनगर
गेल्या दिवाळीत माझ्या चुलत्यांनी दीड लाखाला एक यंत्र घेतलं. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं वडिलार्जित रान आहे आणि पणजोबांनी तिथं हंडा पुरला ही गोष्ट घरात तीन पिढ्या चालत आलीय. विकणारा म्हणाला, एक किलोमीटरवरनं सोनं दाखवतंय. दोन महिने खड्डे काढले, ऊस मोडला, काही नाही. मग यंत्र माझ्याकडं आलं. वर्कशॉपच्या टेबलावर चार स्क्रू काढले. आत नऊ व्होल्टची बॅटरी, एक लाल दिवा, आणि जुन्या रेडिओचा वाटावा असा सर्किटचा तुकडा. अँटेनाची तार त्या तुकड्याला कुठंच जोडलेली नव्हती. मुठीच्या बेअरिंगवर अँटेना मात्र इतकी हलकी फिरते की श्वास सोडला तरी वळते.

आता ओळखीची दोन पोरं तसलंच यंत्र "आपल्याकडं, स्वस्तात" बनवू म्हणतायत आणि बॉडी मी लेथवर टर्न करून द्यावी म्हणतायत. मी नाही म्हणालो. कुणी बनवूच नये असं माझं मत आहे. तुमचं सांगा.

शिरोली सर्किट
त्या दोघांतला एक मीच, दादा. तुमच्या काकांना फसवलं ते वाईटच. पण एक यंत्र खोटं निघालं म्हणून विषयच बंद करायचा? समुद्रात बुडालेलं जहाज मॅग्नेटोमीटरनं, म्हणजे चुंबकक्षेत्र मोजणाऱ्या यंत्रानं, लांबून सापडतं. सोन्याच्या अणुकेंद्राला स्वतःची फ्रीक्वेन्सी असते हे पुस्तकात आहे. ती पकडायची, ॲम्प्लिफाय करायची. प्रयोगच केले नाहीत तर शोध लागणार कसे?

करवीरचा पाणाडी
मी पोराच्या बाजूनं. माझे वडील पाणाडी होते. उंबराची दुबेळक्याची काठी घेऊन चालायचे आणि ती हातात अशी पिळायची की तळव्याची साल निघायची. मी स्वतः बघितलंय. त्यांनी दाखवलेल्या जागी पाणी लागलं. त्या काठीला धातूचं रूप दिलं तर हसायचं कशाला? जुनं पुरलेलं सोनं वर्षानुवर्षं मातीत आपली ऊर्जा सोडतं, तीच काठी ओढते.

फिजिक्सची ताई
काका, काठी पिळते हे खरं आहे आणि वडील खोटं वागत नव्हते हेही खरं. पण पिळणारे स्नायू आपलेच असतात, आपल्याला कळत नाही इतकंच. १८५३ मध्ये मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञानं, लोक हात ठेवून बसले की आपोआप हलणाऱ्या टेबलांची परीक्षा घेतली होती. हात आणि टेबल यांच्यामध्ये मऊ चिकट थरानं जोडलेले पुठ्ठे ठेवले. कोण आधी सरकलं ते पुठ्ठ्यांवरून दिसलं: हात आधी, टेबल नंतर. माणसं मनापासून म्हणत होती, आम्ही ढकललं नाही. पाण्याचं म्हणाल तर आपल्याकडं मुरमात आणि फुटलेल्या खडकात बऱ्याच जागी थोडंफार लागतंच. काठीनं कोरडी दाखवलेली जागाही खणून बघितली असती तर तुलना झाली असती.

आणि सोनं ऊर्जा सोडत नाही. मातीशी, पाण्याशी ते काही करतच नाही, म्हणून तर शेकडो वर्षांनी काढलं तरी पिवळंधमक निघतं. गंजून मातीत उतरतं ते लोखंड.

शिरोली, तुझं जहाज लोखंडी असतं म्हणून सापडतं. लोखंड पृथ्वीचं चुंबकक्षेत्र वाकवतं, सोनं वाकवत नाही. अणुकेंद्राची फ्रीक्वेन्सी खरी आहे, पण ती भोवतालच्या चुंबकक्षेत्रावर ठरते. पृथ्वीच्या क्षेत्रात सोन्यासाठी ती साधारण ३० हर्ट्झ येते आणि सिग्नल इतका दुबळा की शेताकडेच्या विजेच्या तारांचा ५० हर्ट्झच त्याला गिळेल.

राहिला साधा मेटल डिटेक्टर. लहान नाणं एका वितीवर, फार तर ३० सेंटीमीटरवर सापडतं. त्याच्या तारेच्या कॉइलचं चुंबकक्षेत्र जाताना अंतराच्या घनानं विरळ होतं, नाण्याकडून परत येतानाही तसंच. म्हणजे अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६४ पटीनं घटतो. ३० सेंटीमीटरच्या तुलनेत ३ मीटरवर तो दहा लाखावा भाग उरतो. एक किलोमीटरचा हिशेब तूच कर. ॲम्प्लिफायर मातीची कुरकुरही तितकीच मोठी करतो. पन्हाळ्यावर जांभा आहे, त्यात लोहाचं प्रमाण जास्त. तिथं चांगलं मशीनसुद्धा ग्राउंड बॅलन्स केल्याशिवाय, म्हणजे मातीचा सिग्नल आधी वजा केल्याशिवाय, पावलोपावली ओरडतं.

शिरोली सर्किट
६४ पटीचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रात्री कागदावर मांडून बघतो. पण मोठा हंडा असेल तर? जमिनीखालचं बघणारा रडार आहे की.

फिजिक्सची ताई
मोठी वस्तू जास्त खोलवर सापडते, बरोबर. रडार कोरड्या वाळूत दहा मीटरपर्यंत बघू शकतो. आपल्या ओल्या काळ्या मातीत मीटरभरातच दम तोडतो. त्याला पोकळी, दगड, भिंत यांच्या कडा दिसतात. सोनं आहे की तांबं, ते तो सांगत नाही. काम करायचंच असेल तर या मातीतला रडार सुधारण्यात कर, पाईपलाईनवाले दुवा देतील.

टाऊन हॉलची पायरी
मी पुरातत्त्व शिकते. मला यंत्र चालेल याचीच जास्त भीती वाटते. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या सुमारास पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची रोमन घडणीची छोटी कांस्यमूर्ती मिळाली, ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. बाकीच्या कांस्यवस्तूंसोबत, सातवाहन काळातल्या वस्तीत मिळाली म्हणून कोल्हापूरचा रोमशी व्यापार कळला. तीच रात्री कुणी उपसून नेली असती तर मोडीच्या भावात गेली असती.

कायदाही बघा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावंच लागतं. लपवलं तर वाटाही जातो आणि शिक्षाही होते. संरक्षित गडावर तर परवानगीशिवाय फावडं लावायचंच नाही. गुप्तधनापायी अघोरी प्रकार झाले म्हणून २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत ते स्पष्ट घातलंय.

लेथवरचा, उद्यमनगर
ताईंनी फॅरेडेची परीक्षा सांगितली, तशीच एक मी घरी करून बघितली. दहा रिकामे रंगाचे डबे, एकात चुलतीची तोळ्याची अंगठी. डबा कुठला ते माहीत असताना काकांची अँटेना दहापैकी दहा वेळा बरोबर वळली. मग अंगठी चुलतभावानं ठेवली आणि तो खोलीबाहेर गेला. वीस वेळांत तीनदा लागली. डोळे मिटून बोट ठेवलं तरी सरासरी दोनदा लागते. काका काही बोलले नाहीत, यंत्र पोत्यात घालून ठेवलं.

आणि हे नुसतं दीड लाखाचं नाही. एडीई ६५१ नावाचं असंच अँटेनाचं यंत्र जेम्स मॅकॉर्मिक या ब्रिटिश विक्रेत्यानं इराकला बॉम्बशोधक म्हणून विकलं. मूळ खेळणं गोल्फचे चेंडू शोधतं म्हणून विकलं जायचं. नाक्यांवर त्याच्या भरवशावर गाड्या सोडल्या. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. थायलंडमध्ये जीटी २०० या तसल्याच यंत्राची २०१० साली परीक्षा घेतली, वीसपैकी चारदा बरोबर. म्हणून मी बॉडी टर्न करणार नाही.

करवीरचा पाणाडी
डब्यातली अंगठी ही परीक्षा मला मान्य नाही. सोनं मातीत मुरलेलं पाहिजे. तसं करा, मी काठी घेऊन येतो. वडिलांची काठी आहे, नाव राखायचंय.

लेथवरचा, उद्यमनगर
मान्य, काका. आजच आमच्या रानात दहा डबे पुरतो, एकात चुलतीची अंगठी. पुरणारा परीक्षेच्या दिवशी शेतात येणार नाही. किती दिवस मुरू द्यायचं ते तुम्हीच सांगा.

करवीरचा पाणाडी
सहा महिने. आणि पोरालाही बोलवा.