मदत हवी आहे : मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी 'स्मृतिचित्रे'नंतर कोणते पुस्तक घ्यावे?

नमस्कार मंडळी,

माझ्या सासूबाई 81 वर्षांच्या असून आम्ही नाशिकला पंचवटीत राहतो. त्या आयुष्यभर वाचत आल्या. 1840 सालापासून चालत आलेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयातून दर आठवड्याला पुस्तके बदलून आणणे हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम होता. गेल्या दीड वर्षात दोन्ही डोळ्यांच्या पडद्याची मधल्या भागात झीज झाल्यामुळे त्यांना अक्षरे दिसेनाशी झाली आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर मी त्यांना सुमारे 40 मिनिटे वाचून दाखवते. ध्वनिमुद्रित पुस्तके आम्ही लावून पाहिली, परंतु मध्येच थांबवून 'हे पुन्हा वाच गं' असे त्यांना म्हणता येत नाही, आणि त्यांच्या ऐकण्यातला निम्मा आनंद त्या थांबण्यातच आहे.

आम्ही सुरुवात 'श्यामची आई'पासून केली. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, हे आईंना ठाऊक होते. मला मात्र मोठ्याने वाचतानाच जाणवले की पुस्तकाची प्रकरणे 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी पाडलेली असल्याने ते मुळातच ऐकणाऱ्यांसाठी रचलेले आहे. एका बैठकीत एक-दोन रात्री, असे करत आम्ही बेचाळिसाव्या रात्रीपर्यंत पोहोचलो. सध्या लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' चालू आहे. लक्ष्मीबाई मूळच्या इथल्याच, जलालपूरच्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंचे वाक्य ओठांवर इतके सहज बसते की श्वास कुठे घ्यावा हे शोधावे लागत नाही. वडिलांचे सोवळे-ओवळे, 1895 साली पती ना. वा. टिळकांनी स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म, त्यानंतरची ताटातूट आणि पुन्हा एकत्र आल्यानंतरचे नगर-राहुरीचे दिवस ऐकताना आई कधी खळखळून हसतात, तर कधी बराच वेळ काहीच बोलत नाहीत. एका संध्याकाळी जेमतेम 12 ते 14 पाने होतात, तरी पुस्तक आता शेवटाकडे आले आहे.

माझी अडचण इथूनच सुरू होते. डोळ्यांनी वाचायला उत्तम असलेले पुस्तक कानांनी ऐकायला तितकेच चांगले असतेच असे नाही, हे मला दोन पुस्तके अर्धवट सोडावी लागल्यावर कळले. वाचणारा मागचे पान उलटून पाहू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. त्यामुळे पात्रांची गर्दी झाली किंवा कथा वारंवार मागे-पुढे जाऊ लागली की आईंची दमछाक होते आणि नंतर त्या माझ्या समाधानासाठी नुसत्याच 'हं' म्हणत राहतात, हे मला पाहवत नाही.

पुढच्या वाचनासाठी माझ्या मनात इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आणि दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' ही दोन नावे आहेत. 'युगान्त'मधील महाभारतातली माणसे आईंना पुराण-कीर्तनांतून लहानपणापासून ओळखीची आहेत आणि प्रत्येक लेख स्वतंत्र आहे. मात्र लेखिकेचे विवेचन अनेक पानांवर चढत जाते, ते ऐकून धरून ठेवणे जड जाईल का, अशी शंका वाटते. 'ऋतुचक्र' वर्षाच्या बारा महिन्यांवर असल्यामुळे ज्या महिन्याचा लेख त्या महिन्यातच वाचावा, असे मला फार वाटते. परंतु तसे केले तर दोन लेखांमध्ये दुसरे काहीतरी चालू ठेवावे लागेल. ज्यांनी ही पुस्तके घरात कुणाला वाचून दाखवली आहेत, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.

आणखी एक विनंती. मी स्वतः सध्या रात्री दलित लेखक बाबुराव बागुलांचा 1963 चा कथासंग्रह 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचते आहे. बागुलही नाशिकचेच, आईंनी त्यांचे लेखन वाचलेले नाही आणि त्यांना ते ऐकायचे आहे. या कथांमधील दाहकता त्यांना पेलवेल, याची मला खात्री आहे, कारण त्या हळव्या असल्या तरी दुबळ्या नाहीत. प्रश्न माझ्या आवाजाचा आहे. त्या कथांमधील पात्रांची बोलणी माझ्या तोंडी कृत्रिम झाली तर कथेवर अन्याय होईल. तेव्हा अशा कथा मोठ्याने कशा वाचाव्यात, हे जाणकारांनी सांगितल्यास मी ऋणी राहीन.

'स्मृतिचित्रे'मुळे आईंचे कुतूहल इथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीकडे वळले आहे. शरणपूर रस्त्याने आपण रोज जातो, पण गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले शरणपूरच्या मिशनमध्ये शिकत होती, आणि त्यांपैकीच जेकब वेनराइट 1873 साली वारलेल्या, आफ्रिकेत शोधप्रवास करणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवाबरोबर लंडनपर्यंत गेला, हे मी सांगितले तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. या विषयावर मराठीत, गोष्टीसारखे ऐकता येईल असे काही लिहिले गेले असल्यास त्याचे नाव कळवावे.

पुस्तक 250 पानांच्या आत असल्यास आणि प्रकरणे आटोपशीर असल्यास अधिक सोयीचे होईल. 'स्मृतिचित्रे' संपायला अजून साधारण तीन आठवडे लागतील. त्याआधी पुढचे पुस्तक वाचनालयातून आणून पहिले प्रकरण मी एकदा एकटीने मोठ्याने वाचून पाहणार आहे.