चाकणला एजन्सीकडून कामाला लागायचं तर आधी पैसे आणि ओरिजिनल कागद द्यायचे का?

लातूरची_लेक
नमस्कार. लहान भावाचं फिटरचं आयटीआय यंदा झालं, गावातली तिघं पोरं मिळून मागच्या सोमवारी चाकणला गेलीत, आंबेठाण चौकाजवळ खोली घेतलीय. तिथल्या एका कन्सल्टन्सीवाल्याने मोठ्या गाडीच्या कंपनीत लावतो म्हणून सांगितलंय, पण आधी साडेतीन हजार रजिस्ट्रेशन भरायचं आणि ओरिजिनल मार्कशीट, टीसी त्याच्याकडे जमा करायची, सहा महिन्यांनी परत देणार म्हणे. पगार साडेसोळा हजार सांगतो, हातात किती येणार विचारलं तर जॉइन झाल्यावर कळेल. वडील सोयाबीनच्या पैशातून द्यायला तयार आहेत पण माझं मन मानत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत पैसे भरा नाहीतर जागा जाईल म्हणालाय. सगळ्या एजन्स्या अशाच असतात का?

चाकण_फेज२
ताई पैसे पाठवू नका आणि ओरिजिनल तर अजिबात देऊ नका. मी २०१९ ला परभणीहून आलो तेव्हा असेच दोन हजार भरले होते. सकाळी सहाला आम्हा अकरा जणांना कंपनीच्या गेटवर उभं केलं, सिक्युरिटीवाल्याने लिस्ट बघितली, त्यात आमच्यातल्या एकाचंही नाव नाही. दहापर्यंत उभे होतो, आणून सोडणाऱ्याचा फोन बंद. डबा गेटसमोरच्या झाडाखाली खाल्ला आणि चालत खोलीवर आलो, तो दिवस अजून विसरलो नाही.

नंतर दुसऱ्या ठेकेदाराकडे लागलो, त्याने एक रुपया घेतला नाही, पगार सात तारखेला व्हायचा, म्हणून मला वाटलं सगळं नीट आहे. स्लिपवर दर महिन्याला पीएफ कापलेला दिसायचा. चौदा महिन्यांनी बहिणीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेलो तर पासबुकात फक्त पाच महिन्यांची एंट्री. मग सगळ्या पगार स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट जोडून पीएफच्या तक्रार पोर्टलवर टाकलं आणि तेच कागद घेऊन कंपनीच्या एचआरला भेटलो, कारण ठेकेदाराने नाही भरलं तर मूळ मालकावर येतं, हे आम्हाला युनियनच्या एका काकांनी सांगितलं होतं. अडीच महिन्यांत सगळं भरलं गेलं. स्लिपा ठेवल्या नसत्या तर काहीच करता आलं नसतं. भावाला सांगा, प्रत्येक स्लिपचा फोटो काढून घरी पाठव म्हणून.

आधी_एजन्सीत_होतो
मी अडीच वर्षं एका मनुष्यबळ एजन्सीत भरतीचं काम केलंय म्हणून आतली गोष्ट सांगतो. पोरगं कंपनीत लागलं की एजन्सीला कंपनीच पैसे देते. कॉन्ट्रॅक्टवर माणूस दिला तर दर महिन्याला माणसामागे सर्व्हिस चार्ज, आणि कंपनीच्या पेरोलवर लावून दिला तर बऱ्याच ठिकाणी वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. तेव्हा पोराकडून घेतलेलं रजिस्ट्रेशन हे वरचं असतं. ओरिजिनल ठेवून घेतात ते पोराने मधेच सोडून जाऊ नये म्हणून, दुसरं काही कारण नाही.

आता साडेसोळा हजाराचं. हा आकडा बहुतेक वेळा कंपनीचा एकूण खर्च असतो, तुमच्या भावाचा पगार नाही. उदाहरणापुरतं धरा, ग्रॉस म्हणजे कपातीआधीचा पगार १४,५०० आणि त्यात बेसिक म्हणजे मूळ पगार १२,०००. मालकाचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४०, त्यावर अ‍ॅडमिन आणि विम्याचे १२०, ईएसआयसी म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तो सव्वातीन टक्क्याने ४७२. बेरीज करा, १६,५३२ होते. म्हणजे मालकाने भरायचं तेही पगार म्हणून सांगितलं. मग पोराच्या बाजूने परत १,४४० पीएफ, ईएसआयसी पाऊण टक्का म्हणजे १०९, व्यवसाय कर २००. हातात राहिले १२,७५१, कॅन्टीन आणि बसचे कापले तर अजून कमी. म्हणून फोनवरच विचारायचं, ग्रॉस किती, बेसिक किती, हातात किती, ओटी म्हणजे ओव्हरटाइम डबल रेटने का सिंगलने. कारखान्यात ओटी दुप्पट दरानेच द्यावा लागतो. किमान वेतनातला महागाई भत्ता दर जानेवारी आणि जुलैला बदलतो, तोही एकदा कामगार विभागाच्या साइटवर बघून घ्या.

आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात नेमणुकीचं पत्र प्रत्येकाला द्यायचंच आहे. लेटर न देता गेटवर चल म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

रांजणगावची_सून
सगळ्याच एजन्स्या वाईट नसतात ताई, मी २०२१ पासून एजन्सीकडूनच इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर आहे. आधारची झेरॉक्स, बँक पासबुक आणि दोन फोटो, बस एवढंच घेतलं. बाळंतपणात ईएसआयसीकडून २६ आठवड्यांचे पैसे खात्यात आले, कॉन्ट्रॅक्टवर असूनसुद्धा, तेव्हा सासूबाई म्हणाल्या सरकारी नोकरीसारखंच झालं गं. पण त्यासाठी आधीच्या दोन कॉन्ट्रिब्यूशन काळात, म्हणजे वर्गणी मोजायच्या सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांत, मिळून किमान ७० दिवस भरलेले असावे लागतात, आणि इथे सात-सात महिन्यांनी ब्रेक देऊन नवीन नाव लावायची पद्धत आहे. माझ्या लाइनवरच्या एका मुलीचे ब्रेकमुळे दिवस कमी पडले आणि तिला काही मिळालं नाही, फार वाईट वाटलं होतं. भावाने ब्रेक कधी देतात आणि ब्रेकनंतर परत घेतात का हे आधीच तिथल्या जुन्या पोरांना विचारावं, ऑफिसात खरं सांगत नाहीत.

बार्शीकर७७
माझं मत वेगळं आहे. नुकतं आयटीआय झालेल्या पोराने एजन्सीच्या मागे न लागता एक वर्ष अप्रेंटिस करावं, सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर फुकट नाव नोंदवता येतं. रेल्वेच्या ग्रुप डीमध्ये रेल्वेतच अप्रेंटिस केलेल्यांना २० टक्के जागा आहेत. एकदा हेल्परच्या कामाला लागला की फिटरचं हातातलं कसब जातं, मी माझ्या पुतण्याचं बघितलंय, तीन वर्षं नुसते बॉक्स उचलतोय.

चाकण_फेज२
बार्शीकर दादा तुमचं बरोबर आहे पण स्टायपेंडमध्ये खोलीभाडं आणि मेस भागवून घरी पाठवायला काही उरत नाही. ज्याच्या घरी दोन हजाराची वाट बघतात त्याला एक वर्ष थांबणं जड जातं. जमत असेल तर मात्र नक्की करावं.

लातूरची_लेक
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्रीच वडिलांना हे सगळं वाचून दाखवलं. भावाने आज पैसे देणार नाही सांगितलं तर तो लगेच दीड हजारावर आला, झेरॉक्सही चालेल म्हणाला. कंपनीचं नाव विचारलं तर गेटवर सांगतो म्हणाला, तेव्हा भाऊ उठून आला. खोलीवरच्या पोराच्या ओळखीने म्हाळुंग्याच्या दुसऱ्या एजन्सीत गेलाय, तिथे पैसे मागितले नाहीत, कंपनीचं नाव सांगितलं, गुरुवारी मेडिकल आणि शुक्रवारी लेटर देणार आहेत. फक्त 'ट्रेनी' म्हणून घेणार म्हणाले, त्याचं काय करायचं?

आधी_एजन्सीत_होतो
अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर कॉन्ट्रॅक्ट नोंदवणार आहात का एवढंच विचारायला सांगा. हो म्हटले तर तो अप्रेंटिस, त्याला पीएफ नसतो पण वर्षाअखेर सर्टिफिकेट मिळतं, म्हणजे बार्शीकरांचं म्हणणंही साधेल. नाही म्हटले तर नुसतं ट्रेनी लिहून पीएफ टाळता येत नाही, लेटरवर पीएफ आणि ईएसआयसी दोन्ही लिहून घ्या. यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर त्याने स्वतःच उमंग अ‍ॅपवरून चेहरा दाखवून काढावा, आणि आधारला त्याचाच मोबाइल नंबर जोडलेला आहे का ते आज बघा, एजन्सीवाल्याचा नंबर कुठेही लावू देऊ नका. शुक्रवारी लेटर आलं की नाव झाकून फोटो इथे टाका, कुठली ओळ राहिली ते सांगतो.