मदत हवी आहे: कॅनकूनचं रिसॉर्ट, माया संस्कृतीचे अवशेष आणि सोबत सासू-सासरे. सात रात्री कशा बसवू?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत सात रात्री मेक्सिकोला, कॅनकूनच्या बाजूला जायचं जवळजवळ ठरलंय. आम्ही डॅलसला असतो, विमान थेट आहे. माणसं पाच: आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे.

माणसं पाच असली तरी बेत सहा आहेत. नवऱ्याला समुद्रासमोर आडवं पडायचंय, गाडीची किल्ली हातात घ्यायची नाहीये. लेकीला पाण्यातली घसरगुंडी हवी. सासूबाईंचं म्हणणं, खोलीतून समुद्र दिसला आणि चहा वेळेवर मिळाला की झालं. सासरे शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांनी वहीत चिचेन इत्साच्या मोठ्या पिरॅमिडचा आराखडा काढून ठेवलाय. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, म्हणजे ३६४, आणि माथ्यावरच्या देवळाची एक धरून ३६५. रोज चहाला तो हिशेब नव्याने ऐकतो आम्ही. दुसऱ्या पानावर कोबा, तुलुम आणि उश्मल ही आणखी माया ठिकाणं लिहिली आहेत. उश्मल कॅनकूनहून जायलाच चार तास लागतात हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आणि मला गेल्या वर्षीची चूक पुन्हा करायची नाहीये. मैत्रिणींबरोबर गेले होते तेव्हा रिसॉर्टच्या लॉबीतूनच चिचेन इत्साची बस सहल घेतली. सहाला बसमध्ये बसलो. मग साडेआठपर्यंत बस या हॉटेलातून त्या हॉटेलात माणसं गोळा करत फिरली. पुढे 'माया गाव' म्हणून एका दुकानात उतरवलं. तिथे चांदीचे दागिने, टकीला आणि आपलं नाव माया लिपीत कोरून देणारा एक माणूस. तास गेला. मग जेवण, मग सेनोटेत, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक कुंडात, डुबकी. पिरॅमिडसमोर उभे राहिलो तेव्हा दीड वाजला होता, डोक्यावर ऊन आणि सावलीला एकही झाड नाही. गाइडने मराठी लग्नातल्या फोटोग्राफरसारखं सगळ्यांना एका रांगेत उभं केलं, फोटो काढला आणि म्हणाला, सव्वा तासात बसपाशी या. सासऱ्यांना असं नेलं तर ते तिथेच सत्याग्रहाला बसतील.

तर प्रश्न असा. सातही रात्री प्लाया देल कार्मेनच्या आसपास एकाच ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टमध्ये राहून तीन दिवस बाहेर पडावं, की दोन रात्री आतल्या भागात काढाव्यात? नवऱ्याचं म्हणणं, ज्या बुफेचे पैसे भरलेत त्याच्याकडे पाठ फिरवून उन्हात दगड बघायला जायचं म्हणजे शहाणपण नव्हे. त्याचं अगदीच चूक नाही. रिसॉर्टचा पाच जणांचा आकडा बघून मी लॅपटॉप दोनदा मिटला.

शिवाय सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या शुद्ध शाकाहारी आहेत (अंडंही नाही) आणि त्याच आठवड्यात त्यांचा एक उपास येतोय. दोघं अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसावर आहेत. मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागतो का? आणि गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवणं कितपत बरं?

---

प्रतिसाद १

क्रम उलटा करा, नवराही खूश होईल. आधी दगड, मग वाळू. विमानतळावरून थेट वायादोलिद या आतल्या भागातल्या गावी जा, दोन तासांच्या आतबाहेर लागतात. दोन रात्री तिथे राहा. साधी छान हॉटेलं आहेत, चौकात संध्याकाळी गावातली माणसं बाकांवर बसलेली असतात. मग उरलेल्या पाच रात्री रिसॉर्ट. म्हणजे बुफेचा एकही दिवस वाया जात नाही.

वायादोलिदहून चिचेन इत्सा पाऊण तासावर. दार आठला उघडतं, पावणेआठला तिथे उभे राहा. पहिले दीड-दोन तास जागा तुमची. दहानंतर कॅनकूनच्या बसेस ओतायला लागतात आणि जग्वारच्या डरकाळीच्या शिट्ट्या विकणारे दोन्ही बाजूंना पथारी मांडतात. तिकीट दोन भागांत असतं, एक केंद्राचं आणि एक राज्याचं. हाताशी पेसो असू द्या.

एक घड्याळाची गंमत. कॅनकून, तुलुम, कोबा हे किंताना रो राज्यात. चिचेन इत्सा आणि वायादोलिद युकातान राज्यात, आणि तिथलं घड्याळ एक तास मागे. किंताना रोने २०१५ मध्ये वेळ बदलून घेतली. जाताना तास मिळतो, येताना जातो. परतीच्या दिवशी रिसॉर्टमधलं जेवणाचं बुकिंग कुठल्या वेळेने केलंय ते बघा. आमचं असंच एक हुकलं होतं.

पिरॅमिडवर चढता येत नाही, २००६ पासून बंद आहे. सासऱ्यांना आधीच सांगा. पण पायऱ्यांसमोर उभं राहून एक टाळी वाजवायला लावा. परत येतो तो टाळीचा आवाज नसतो, पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा असतो. तिथले लोक म्हणतात, केत्साल पक्षी. सांगलीकरांनी विजापूरचा गोलघुमट पाहिलेला असणारच, त्यामुळे तुलना ऐकायची तयारी ठेवा. मग चेंडूचं मैदान बघा, १६८ मीटर लांब, भिंतीत उंचावर दगडी कडी. खेळाडू कंबरेने रबरी चेंडू मारायचे.

---

प्रतिसाद २

शाकाहाराबद्दल. 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) एवढंच म्हणू नका. तिकडे कार्ने म्हणजे बऱ्याचदा नुसतं गोमांस, मग चिकन घातलेलं ताट समोर येतं आणि वाढणाऱ्याला आपलं काय चुकलं ते कळत नाही. कार्ने, पोयो (चिकन), पेस्कादो (मासे), हुएवो (अंडं) सगळ्यांच्या आधी 'सिन' लावून सांगा. खरी फसगत दोन ठिकाणी होते: घेवड्याच्या उसळीत मांतेका, म्हणजे डुकराची चरबी, असते आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो. दोन्ही विचारा. रिसॉर्टला आठ दिवस आधी ईमेल करा, मोठ्या रिसॉर्टमधले शेफ समोर येऊन बोलतात.

सासूबाईंना मक्याची तोर्तिया हातावर थापताना दाखवा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, वाटून करतात आणि चांगली भाजली की फुगते. भाकरी करणाऱ्या बाईला ते बघून फार बरं वाटतं. उपासाला रताळं मिळतं, कामोते म्हणायचं. पपई आणि नारळपाणी तर कुठेही. शेंगदाण्याचं कूट डॅलसहूनच न्या. हिरवी-केशरी हाबानेरोची चटणी मात्र जपून, कोल्हापुरी असण्याचा अभिमान तिथे चालत नाही.

---

प्रतिसाद ३

व्हिसा: पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. सासू-सासऱ्यांचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, ते बघा. परत आल्यावर त्यांच्या आय-९४ वरची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीवरची) तारीख संकेतस्थळावर लगेच तपासा. तुम्ही दोघं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर स्वतःचे शिक्केही बघा. नुसतं आय-७९७ (मंजुरीचं पत्र) असून पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल तर मेक्सिकोच्या प्रवेशाला अडचण येते. लोक पालकांचे कागद दहादा तपासतात आणि स्वतःचे विसरतात.

गाडी: वेबसाइटवरचा दिवसाचा भाव खरा नसतो. तिथे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे आणि तो काउंटरवर चढतो. तुमच्या क्रेडिट कार्डचा विमा त्यासाठी चालत नाही. सगळं धरून किती, हे आधी लेखी घ्या. टोलचा रस्ता उत्तम आहे. जुन्या रस्त्याने गेलात तर प्रत्येक गावात 'तोपे', म्हणजे आपलेच न रंगवलेले स्पीडब्रेकर. अंधार पडल्यावर चालवू नका.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! काल रात्री जेवणानंतर वही उघडून बसलो. आता असं ठरलंय: पहिल्या दोन रात्री वायादोलिद. दुसऱ्या दिवशी सकाळी चिचेन इत्सा, दुपारी सेनोटे (सासूबाई वर बसणार, आम्ही पाण्यात). तिसऱ्या दिवशी कोबा करून थेट रिसॉर्ट. गाडी त्याच संध्याकाळी प्लायामध्ये परत द्यायची. मग पाच रात्री नवरा आडवा. मधे एकच सकाळ तुलुम, तेही टॅक्सीने. उश्मल कापलं. सासरे गप्प बसले, मग म्हणाले, "पुढच्या खेपेला मेरिदाहून करू." पुढची खेप त्यांनी परस्पर ठरवलीय.

नवऱ्याचा व्हिसा शिक्का मार्चपर्यंत चालू आहे. प्रतिसाद वाचून तो उठून बघून आला.

एकच शेवटचं. कोबाला अवशेष जंगलात एकमेकांपासून लांब आहेत म्हणतात. सासूबाईंना तेवढं चालवणार नाही. तिथे काही सोय?

---

प्रतिसाद १

आहे. आत शिरल्यावर डावी-उजवीकडे सायकली आणि तीनचाकी सायकलरिक्षा उभ्या असतात. पुढे बाकडं, मागे चालवणारा. नोहोच मुल हा ४२ मीटरचा पिरॅमिड सगळ्यात आत, तिथपर्यंत नेऊन थांबतात. रस्ता झाडीतून सपाट आहे, बराचसा माया लोकांच्या जुन्या पांढऱ्या रस्त्यांवरूनच जातो, हे सासऱ्यांना सांगा. रिक्षात दोघं बसतात, तेव्हा त्या दोघांना पुढे पाठवा आणि तुम्ही तिघं सायकली घ्या. लहान मुलांच्या सायकलीही मिळतात, फक्त घेण्याआधी ब्रेक दाबून बघा.