मुलाखतीत पैकीच्या पैकी, कामात मात्र शून्य: डेव्हलपर निवडावेत तरी कसे?

प्रश्न (बॅकएंडवाला):
आमच्या टीमसाठी डेव्हलपर निवडण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे आणि मी पुरता वैतागलो आहे. रिझ्यूमेवर डझनभर तंत्रज्ञानांची नावे असतात, अल्गोरिदमच्या प्रश्नांची उत्तरे धडाधड येतात. पण रुजू झाल्यावर तीच व्यक्ती हजार ऑर्डरींची यादी दाखवताना लूपच्या (तोच कोड पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागाच्या) आत प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहिते, म्हणजे जिथे एका जॉइनमध्ये (दोन तक्ते जोडून माहिती आणणाऱ्या एकाच क्वेरीत) भागले असते तिथे डेटाबेसकडे यादीची एक आणि ग्राहकांच्या हजार अशा १,००१ खेपा होतात. स्वतःच्या मशीनवर दहाच नोंदी असल्यामुळे त्यात काही वावगे दिसत नाही. पैशांच्या बेरजेत ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ आले, तर दोन दशांशांपर्यंत राउंड करून विषय मिटवला जातो. फ्लोट (अपूर्णांक साठवण्याचा संख्याप्रकार) बायनरीत, म्हणजे ० आणि १ च्या रूपात, साठवला जात असल्याने ०.१ तिथे नेमका मावतच नाही, हे शोधावेसेही वाटत नाही. आमची गाळणी नेमकी कुठे फाटली आहे?

उत्तर (जुनाखोड):
तक्रार नवी नाही. १ ते १०० आकडे छापताना ३ च्या पटीत ‘फिझ’ आणि ५ च्या पटीत ‘बझ’ लिहायचे, एवढेही अनेक उमेदवारांना जमत नाही, यावर २००७ मध्येच भरपूर वाद झाला होता. मात्र ज्याला काम येते तो एक-दोन मुलाखतींत नोकरी मिळवून बाजारातून बाहेर पडतो आणि ज्याला येत नाही तो महिनोन्‌महिने मुलाखती देत फिरतो, त्यामुळे आपल्या टेबलासमोर दिसणाऱ्या गर्दीवरून साऱ्या व्यवसायाची पातळी ठरवणे चुकीचे आहे.

उत्तर (कोडवाचक):
गर्दीचे गणित मान्य, पण प्रश्न निवड होऊन आत आलेल्यांचा आहे. तुम्ही घोकंपट्टी तपासता, म्हणून घोकंपट्टी करणारेच निवडले जातात. मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचे ‘होमब्रू’ हे लोकप्रिय साधन लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेल यांनी, फळ्यावर बायनरी ट्री (माहिती फांद्यांसारखी मांडण्याची रचना) उलटवता न आल्याने गूगलने आपल्याला नाकारले, असे २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. म्हणजे ही पद्धत उलट्या बाजूनेही चुकते, काम येणाऱ्यालाही नाकारते. तुमचाच तो लूपवाला कोड उमेदवारासमोर ठेवा, सोबत क्वेरी लॉग (कोणत्या क्वेरी चालल्या त्याची नोंद) द्या आणि ‘हे पान संथ का आहे’ एवढेच विचारा. तो आधी लॉग उघडतो की अंदाजाने कॅशे (आधी आणलेली माहिती हाताशी ठेवण्याची सोय) लावायला धावतो, यावरून बरेच काही कळते. प्रश्न आणि गुण देण्याचे निकष मात्र सर्वांना सारखेच असावेत, नाहीतर गप्पिष्ट माणूसच बाजी मारतो.

उत्तर (रिव्ह्यूअर):
सगळे खापर उमेदवारावर फोडू नये. १,००१ क्वेरींचा कोड रिव्ह्यूतून (सहकाऱ्याच्या तपासणीतून) सुटून मर्ज, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामील, झालाच कसा? कुणीतरी न वाचताच त्याला मंजुरी दिली असणार, आणि तो बहुधा तुमच्याकडचा अनुभवी माणूस असेल. नवख्याच्या मशीनवर दहा नोंदी ठेवायच्या आणि लाखभर नोंदींवर काय होईल याचे भान त्याच्याकडून अपेक्षायचे, हा अजब न्याय झाला.

बॅकएंडवाला:
रिव्ह्यूचा मुद्दा झोंबला, पण रास्त आहे. टेस्ट डेटा वाढवण्याचे काम याच आठवड्यात हाती घेतो. कोडवाचक, तो लॉगवाला प्रश्न किती वेळाचा ठेवता?

कोडवाचक:
पाऊण तास, आणि उमेदवाराला इंटरनेट वापरू देतो. घरी करायला दिलेल्या लांबलचक असाइनमेंटला माझा ठाम विरोध आहे. आधीच नोकरीत असलेले चांगले लोक ती हातातच घेत नाहीत.