मदत हवी आहे : पेव्हिंग ब्लॉकचा नमुना माहिती अधिकारात कसा काढायचा?

सांगलीतल्या गल्ली-सुशोभीकरणाच्या कामांबद्दल विचारायचं आहे. पैसा घरपट्टीतून जातो आणि पहिल्याच पावसात ब्लॉक खचतात, याचा संताप येतो. नुसत्या निवेदनांनी काही हलत नाही, कागद हातात हवेत.

मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, चाचणी अहवाल आणि करारातली दोषदायित्वाची अट (ठरलेल्या मुदतीत काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं), एवढं मागायचं. अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांत, १० रुपये शुल्कासह. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. इथवर माहीत आहे.

खरी गोम ब्लॉकच्या खाली असते. आपली जमीन काळी, ती फुगते नि आकसते. माती काढून मुरूम-खडीचा थर नीट दाबला नाही, तर चाकाखाली ब्लॉक बशीसारखे बसतात. कडेला पक्का कर्ब (ब्लॉक धरून ठेवणारी कडेची पट्टी) नसेल तर सांधे उघडतात आणि पाणी आत मुरतं. अंदाजपत्रकात ८० मिमी असताना ६० मिमीचा ब्लॉक बसवला, तर वरून कळतही नाही. एक ब्लॉक उचलून पट्टी लावावी लागते.

माहिती अधिकार कायद्यात कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचा हक्क आहे. तो इथे कुणी बजावलाय का? पंचनाम्यावर कनिष्ठ अभियंत्याची सही मिळते का? सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी कॉलेजची प्रयोगशाळा नागरिकांकडून थेट नमुना घेते, की कार्यालयाचं पत्र लागतं? आणि दोषदायित्वाच्या मुदतीतच नळजोडणीसाठी रस्ता उकरला, तर दुरुस्ती कुणाच्या गळ्यात पडते? अनुभव असलेल्यांनी कृपया अर्जाचा मजकूरही टाकावा.