मदत हवी आहे : जुनी वॅगनआर सीएनजी की नवी अल्टो के१०?

मंडळी, राहायला कासारवडवली, रोज घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, बजेट बेताचं. ओळखीतून २०१८ची वॅगनआर सीएनजी बघितली. एमएच ०४ पासिंग, फर्स्ट ओनर. इंजिनाचा आवाज छान; पण ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं तर कुबट वास आणि सीटच्या रुळांना गंज! मालक म्हणतात, एसीचं पाणी गळायचं. खरंच तेवढ्याने गंज चढतो, की गाडी पावसात बुडालेली? सीएनजी सिलिंडरची दर ३ वर्षांची हायड्रोटेस्टही (पाण्याच्या दाबाने होणारी मजबुतीची तपासणी) राहिलीय. आरसीवरचा कर्जाचा बोजा बँकेच्या एनओसीने उतरेल, त्याचं टेन्शन नाही. वायरिंग तपासायला ठाण्यात कोणी भरवशाचा इलेक्ट्रिशियन आहे का? नवी अल्टो परवडते, पण आईच्या गुडघ्यांना ती फार बुटकी पडते. रविवारपर्यंत कळवायचंय.